छोटीची दुपार आणि राष्ट्रीय करंडक

छोटी अकरा महिन्यांची होती आणि रोज दुपारी दोन ते चार झोपत होती. हे वाक्य वाचायला सोपं आहे. ते घडवून आणायला तिच्या आईला पाच महिने लागले होते. त्यासाठी दारावरच्या घंटीची वायर काढून ठेवली होती. खिडक्यांच्या बिजागऱ्यांना डोक्याला लावायचं तेल पाजलं होतं. पाळण्यापासून तिसरी फरशी पाय पडला की 'टुक' म्हणायची, म्हणून नवरा त्या फरशीवरून उडी मारून जायला शिकला होता. घरातला कुकर दुपारी बोलत नसे. नवऱ्याला शिंक आली तर तो बाथरूममध्ये जाऊन, दार लावून, टॉवेलात शिंकत असे. लग्नात सप्तपदीच्या वेळी यातलं काहीच सांगितलं नव्हतं, असं तो कधीकधी पुटपुटे. पण तेही बाथरूममध्येच.

या दोन तासांसाठी एवढा बंदोबस्त का, तर त्या दोन तासांत ती नोकरीवर असे. एका प्रकाशन संस्थेतल्या बाईंनी शरीरशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाची मुद्रितं तिला तपासायला दिली होती. चारशे बारा पानं. "बघू या, घरून जमतंय का," बाई म्हणाल्या होत्या. "वेळेवर आलं, तर पुढची सगळी पुस्तकं तुमच्याकडे." उरलेल्या बावीस तासांत ती कोणाची तरी आई, कोणाची तरी बायको आणि कोणाची तरी 'दिसत नाही हल्ली' असायची. लाल पेन हातात घेतलं, की मात्र यकृत कुठे असतं हे तिला कळायचं आणि आपण कुठे असतो हेही.

अशा एका दुपारी नवरा पाय न वाजवता आला आणि त्याने टेबलावर एक कागद सरकवला.

"एवढी सही कर ना," तो कुजबुजला.

"कशावर?"

"काही नाही गं. राष्ट्रीय फुटबॉल करंडकाचा अर्ज आहे."

नवरा चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासतो आणि रविवारी कॉलनीच्या संघाचा गोलकीपर असतो. स्वतः चष्मा लावतो, त्यामुळे त्याच्याकडे येणारा चेंडू त्याला दिसतो खरा. पण आधी चष्मा वाचवावा की गोल, हा प्रश्न त्याला ऐन वेळी पडतो. इमारतीच्या मागे जे मैदान आहे, तिथे ही मंडळी बारा वर्षं खेळत होती आणि बारा वर्षं हरत होती. आता त्यांच्या कप्तानाच्या मनाने घेतलं होतं, की एकदा तरी करंडकाच्या छापील यादीत आपल्या संघाचं नाव यावं. करंडक सगळ्यांना खुला असतो. देशातला कुठलाही नोंदणी केलेला संघ अर्ज करू शकतो. बडे संघ चौथ्या फेरीत उतरतात. त्याआधीच्या फेऱ्या अशाच रविवारच्या लोकांनी एकमेकांना बाद करण्यासाठी असतात.

"एक सामना. पहिल्याच फेरीत हरतो आम्ही. संपलं," नवरा म्हणाला. "फक्त सेक्रेटरी हवा. तुझं अक्षर चांगलं आहे."

पुरुषांना बायकोचं अक्षर नेमकं अर्ज भरायच्या वेळी आवडतं. पण छोटी दीड वाजताच झोपली होती, पचनसंस्था संपत आली होती, तिचा मूड चांगला होता. तिने अर्ज ओढला. त्यात विचारलं होतं: 'मैदानालगत कपडे बदलण्यासाठी दोन खोल्या आणि पंचांसाठी स्वतंत्र खोली आहे काय?'

"कुठे आहे?" तिने विचारलं.

"आपलं मागचं दार मैदानातच उघडतं ना? आपलंच घर लिही. कोण बघायला येतंय?"

इथे दुसरी कोणी असती तर नुसतं 'होय' लिहून मोकळी झाली असती. पण जिने छोटीच्या आधी पाच वर्षं छापखान्यात बसून दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, तिच्या हातून मोघम उत्तर जाणं कठीण. तिने पट्टी घेऊन घराचा नकाशा काढला, मापासकट. हॉल: पाहुणा संघ. स्वयंपाकघर: यजमान संघ. झोपायची खोली: पंच. खाली शेरा लिहिला: 'बेसिन थोडे गळते. पंचांच्या खोलीची कडी आतून अडकते. हलकेच वर उचलून ओढावी.' आणि ही तिची चूक ठरली. कारण महासंघाकडे आलेल्या चारशे अर्जांत खरं लिहिलेला अर्ज हा एकच होता.

दहा दिवसांनी महासंघाचे निरीक्षक पोलादी टेप घेऊन मागच्या दारात उभे राहिले. त्यांचं पाळण्यातलं नाव काही असो, कॉलनीने त्यांना पहिल्याच दिवशी 'टेपसाहेब' केलं. टेपसाहेब फार नम्र होते आणि त्यांचा आवाज फार मोठा होता.

"पंचांची खोली किमान नऊ चौरस मीटर लागते," त्यांनी झोपायची खोली मोजून जाहीर केलं. "तुमची नऊ पूर्णांक दोन दशांश आहे. मात्र हा पाळणा हलवावा लागेल."

"तो मी दिवसभर हलवतेच आहे," ती म्हणाली. "हळू बोला."

"वहिनी, असा सुंदर अर्ज मी वीस वर्षांत पाहिला नाही. बाकीचे लोक गोठ्याला क्लबहाउस म्हणतात. मी शिफारस करतो, की तुमचे सगळे सामने इथेच व्हावेत." आणि त्यांचा टेप खाड्कन आत गेला. छोटी उठली. दोन वाजून वीस मिनिटं झाली होती.

पहिल्या फेरीत बेकरी कामगारांचा संघ आला. रविवारी अडीच वाजता सामना, म्हणून दोन वाजता अठरा दणकट माणसं हॉलमध्ये, कॉलनीचे सोळा जण ओट्याला टेकून, आणि पंच झोपायच्या खोलीत. ती छोटीला कडेवर घेऊन फरशीफरशीवर उभी राहून सांगत होती, "इथे पाय नका देऊ. इथे पण नका." पंचांनी शेरा वाचला नव्हता. त्यांनी कडी लावली आणि ती अडकली. वर उचलून ओढा, असं बाहेरून सोळा जणांनी ओरडून सांगितलं, आतून पंच म्हणाले, "मला सूचना देऊ नका, मी पंच आहे." खिडकीतून त्यांना काढेपर्यंत चाळीस मिनिटं गेली. तेवढ्यात हॉलमध्ये शांतता झाली. तिने डोकावून पाहिलं. बेकरीवाले पहाटे दोनपासून भट्टीवर होते. छोटीच्या दुपट्यांवर, सोफ्यावर, एकमेकांच्या खांद्यावर डोकी टाकून अठराच्या अठरा गाढ झोपले होते. पाच महिने ती ज्या गोष्टीसाठी जिवाचं रान करत होती, ती तिच्या हॉलमध्ये अठरापट घडली होती आणि छोटी तेवढी टक्क जागी होती.

झोपेतून उठलेले बेकरीवाले एक-शून्यने हरले. कॉलनी जिंकली. नवरा घरात आला तो माणसाच्या डोळ्यांत दोष नसतानाही पाणी येतं, याचा पुरावा घेऊनच. तिला रागवायचं होतं. पण बारा वर्षांत पहिल्यांदा जिंकलेल्या माणसावर कसं रागवायचं, हे तिला माहीत नव्हतं. "छान," ती म्हणाली. "आता पुढच्या फेरीत नक्की हरा."

रविवारी बिघडलेली झोप बुधवारपर्यंत जागेवर येत नसे. त्या आठवड्यात रक्ताभिसरणाची फक्त नऊ पानं झाली.

आता सल्ले सुरू झाले. वरच्या मजल्यावरच्या मावशी जिन्यात गाठून म्हणाल्या, "तुम्ही आजकालच्या मुली फार जपता. आमची तिन्ही पोरं शिवणयंत्राखाली झोपली. आवाजाची सवय लावायची." समोरचे काका विम्यातून निवृत्त झालेले, त्यांनी 'राहत्या घराचा सार्वजनिक वापर' या विषयावर तिला अर्धा तास दारात उभं केलं आणि शेवटी सामना नीट दिसावा म्हणून तिच्या गॅलरीत खुर्ची ठेवायची परवानगी मागितली. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "परक्या पुरुषांची एवढी ये-जा! दृष्ट लागेल पोरीला." मग जरा थांबून, "कोणाशी आहे पुढची मॅच?"

पुढची अग्निशमन दलाशी होती. हाफटाइमला अग्निशमन तीन गोलांनी पुढे होतं. तिने हॉलमध्ये सगळ्यांना पाणी दिलं आणि मनापासून म्हणाली, "फार छान खेळता हो तुम्ही. असंच खेळा." तेवढ्यात त्यांचा भोंगा वाजला. कुठेतरी गोदामाला आग लागली होती. अकराच्या अकरा जण बूट वाजवत बंबात बसून गेले. उरलेल्या पंचेचाळीस मिनिटांत परत आले नाहीत, म्हणून नियमाप्रमाणे कॉलनी विजयी. आग विझली, कोणाला काही झालं नाही. पण त्या भोंग्याने छोटी दोन दिवस 'ऊंऽऽ' असा आवाज काढत राहिली आणि मुद्रितं श्वसनसंस्थेच्या दारातच अडली.

तिसऱ्या फेरीत तर तिची अब्रूच गेली. विद्यापीठाच्या संघाशी बरोबरी झाली आणि पेनल्टी सुरू झाल्या. विद्यापीठाचा शेवटचा मुलगा चेंडूकडे धावला आणि नेमक्या त्या क्षणी मागच्या खिडकीतून छोटीने टाहो फोडला. मुलाचा चेंडू गोलखांबावरून मावशींच्या वाळत घातलेल्या चादरींत गेला. कॉलनी पुन्हा जिंकली. विद्यापीठाने लेखी तक्रार केली: यजमान संघाने जाणूनबुजून मूल रडवले.

जाणूनबुजून! जिने मूल रडू नये म्हणून घराची घंटी काढली, तिच्यावर हा आरोप! महासंघाने तिच्याकडे खुलासा मागितला. तिने सात पानी खुलासा लिहिला. त्यात छोटीच्या झोपेचा पाच महिन्यांचा तक्ता जोडला आणि शेवटी लिहिलं, की 'सदर मूल सामन्यामुळे रडते, सामना मुलामुळे बिघडत नाही; कृपया कार्यकारणभाव तपासावा.' टेपसाहेबांनी निकाल स्वतः आणून दिला. मूल हे त्या वास्तूचे कायम रहिवासी असल्याने त्याचे रडणे हे वारा, ऊन आणि चिखल यांप्रमाणे मैदानाचा नैसर्गिक भाग मानावे.

"अभिनंदन," टेपसाहेब म्हणाले. "आणि चौथ्या फेरीत तुमच्याकडे कोण येतंय, माहीत आहे?"

साऱ्या देशाला माहीत असलेला संघ येत होता. गतविजेता. त्यांचा सेंटर फॉरवर्ड सगळीकडे 'तोफ' म्हणून ओळखला जाई. बिस्किटांच्या पुड्यावर त्याचा फोटो असे. नवरा चार दिवस जेवला नाही. ती कॅलेंडरपुढे उभी राहिली. सामना रविवारी अडीचला. आणि त्याच रविवारी संध्याकाळी सहा वाजता प्रकाशन संस्थेचा माणूस मुद्रितांचा गठ्ठा न्यायला येणार होता, कारण सोमवारी उजाडताच छपाई सुरू होणार होती. तिने बाईंना फोन करून दोन दिवस मागितले. बाई म्हणाल्या, "अहो, होतं असं घरी. काही हरकत नाही. पुढच्या पुस्तकाला आपण दुसरं कोणीतरी बघू." एवढ्या मऊ आवाजात तिला आजवर कोणी काढून टाकलं नव्हतं.

"दोन दिवस नकोत," ती म्हणाली. "सहाला देते."

नवऱ्याने आदल्या दिवशी शब्द दिला होता, की तो छोटीला घेऊन मावशींकडे बसेल. मग त्याच्या लक्षात आलं, की तो गोलकीपर आहे. मावशींनी तर दोन आठवडे आधीच गच्चीवर जागा धरली होती.

रविवारी इमारतीएवढी बस आली. हॉलमध्ये बावीस खेळाडू, त्यांचे प्रशिक्षक, डॉक्टर, मालीशवाला आणि फक्त बूट सांभाळायला नेमलेला एक गृहस्थ. स्वयंपाकघरात आपले. पंचांच्या खोलीत आता पंच चार. तिच्या वाट्याला बाथरूमसमोरचा बोळ आला. वॉशिंग मशीनवर गठ्ठा, कडेवर छोटी, तोंडात लाल पेनाचं टोपण. दोन वाजता एकतीस पानं बाकी होती.

अडीचला शिट्टी झाली. छोटीने सूर लावला. मैदानातून पहिल्या गोलाची गर्जना आली, मग दुसऱ्याची. एका हाताने थोपटत, दुसऱ्याने खुणा करत तिने चार पानं ओढली आणि पाचव्यावर छोटीची लाळ पडून मूत्रपिंड विरघळलं. तेव्हा ती मशीनला टेकून, आवाज न करता, रडली. आवाज न करण्याची तिला सवयच झाली होती.

"ताई, बर्फ मिळेल?"

हॉलच्या दारात बिस्किटाच्या पुड्यावरचा माणूस एका पायावर उभा होता. विसाव्या मिनिटाला तो गोलवर धावला होता, नवऱ्याने प्रथमच चष्म्याचा विचार न करता उडी मारली होती, आणि दोघांच्या धडकेत देशाच्या तोफेचा घोटा मुरगळला होता. त्यांच्या डॉक्टरने त्याला सोफ्यावर बसवलं, घरातला सगळा बर्फ छोटीच्या अंघोळीच्या टबात ओतला, त्यात त्याचा पाय घातला आणि स्वतः सामना बघायला पळाला.

छोटी रडायची थांबली नव्हती. तोफेने विचारलं, "दात येतायत?"

"नाही. तिची झोपायची वेळ आहे. आणि मला ही सत्तावीस पानं—" तिने पेनाने गठ्ठा दाखवला.

"द्या इकडे."

आजवर तिने छोटीला सासूबाईंकडे देतानाही दोन सूचना दिल्या होत्या. तोफेला तिने अकरा दिल्या. मान धरा. पाठ थोपटा, पण हातोड्यासारखी नाही. गाणं म्हणू नका, ती उठून बसते. तो प्रत्येकीला "हो ताई" म्हणाला. शेवटची सूचना संपल्यावरही तिने मुलीला सोडलं नव्हतं, मग सोडलं.

"माझीही आहे," तो छोटीला खांद्यावर घेत म्हणाला. "सात आठवड्यांची. दोनदाच बघितलीय. सारखे दौरे. गेलो तर बायको हातात देत नाही, म्हणते तुला सवय नाही."

छोटीने त्याच्या दाढीकडे पाहिलं, त्याचा कान मुठीत पकडला, दोन हुंदके दिले आणि चार मिनिटांत झोपली. बाहेर तिसरा गोल झाला. छोटी हलली नाही. तिची आई बोळातून गठ्ठा घेऊन हॉलमध्ये आली, जमिनीवर बूट आणि पिशव्यांच्या मधे मांडी घालून बसली, आणि मूत्रपिंडापासून पुढे निघाली.

सामना सात-शून्यने संपला. शेवटच्या पाचांपैकी एकाही गोलाची तिला खबर नव्हती. पंचवीस जणांच्या पावलांची धडधड मागच्या पायरीवर आली, तेव्हा तोफेने ओठांवर बोट ठेवलं. गतविजेते उंबऱ्याबाहेर खिळले. मग एकेकाने बूट काढले.

प्रशिक्षक मोज्यांवर आत आले. "बस तयार आहे," ते कुजबुजले. "विमान आहे आपलं."

तोफेने खांद्याकडे बोट दाखवलं.

टेपसाहेब आले. ते तोंड उघडण्याच्या आत तिने मान वर न करता हात उंचावला. त्यांनी पहिल्यांदाच आवाज खाली आणला. "वहिनी, नियमाप्रमाणे पाहुण्या संघाने पंचेचाळीस मिनिटांत खोली रिकामी करायची असते."

"अजून अकरा पानं," ती म्हणाली.

टेपसाहेबांनी नियमपुस्तक चाळलं. पानांविषयी त्यात काही नव्हतं. त्यांनी पुस्तक मिटून खिशात घातलं आणि ते भिंतीला टेकून खाली बसले. प्रशिक्षक बसले. त्यांचा कप्तान बसला. स्वयंपाकघरात कॉलनीचा संघ बिस्किटं चहात पूर्ण भिजवून, कुरकुर न होऊ देता खात होता. त्यांनी पाहुण्यांना हातोहात कप पोचवले. मालीशवाल्याला शिंक येतेय हे एकाला दिसलं आणि नवऱ्याने त्याला दंडाला धरून बाथरूममध्ये नेलं, दार लावलं, टॉवेल दिला. नवऱ्याच्या चष्म्याची एक काच तडकली होती आणि कपाळाला टेंगूळ होतं. परत आल्यावर तो तिच्याजवळ उकिडवा बसला आणि तपासून झालेली पानं क्रमाने लावू लागला. "सात खाल्ले," तो कानाशी म्हणाला. "पण त्याला अडवला." ती म्हणाली, "पृष्ठ तीनशे नव्वद दे."

सहाला प्रकाशन संस्थेचा माणूस आला. मागच्या दारातून त्याने आत पाहिलं. देशातला सर्वात मोठा संघ पायमोज्यांवर, चहाचे कप सांभाळत, श्वास धरून बसला होता आणि मध्ये एक बाई शब्दसूचीतले पृष्ठक्रमांक जुळवत होती. हाडे. हिरड्या. हृदय. त्यानेही चपला काढल्या.

सहा वाजून बारा मिनिटांनी तिने शेवटची खूण केली, गठ्ठ्याला दोरी बांधली आणि त्याच्या हातात दिला. चारशे बारा. त्याने मोजायला सुरुवात केली तेव्हा कप्तानाने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने मोजणं सोडून दिलं आणि तो अंगठ्यांवर चालत निघून गेला.

प्रशिक्षकांनी हात जोडून तोफेला खूण केली: आता तरी? तोफेने छोटीच्या गालाकडे पाहिलं, मग प्रशिक्षकांकडे, आणि पाच बोटं दाखवली. पाच मिनिटं.

"असू दे," ती म्हणाली. तिच्या हाताला आता काही काम नव्हतं. अकरा महिन्यांत असं झालं नव्हतं, त्यामुळे हात कुठे ठेवायचे हे तिला सुचेना. तिने ते सोफ्याच्या कडेवर ठेवले आणि त्यांवर जरासं डोकं टेकलं.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. बसवाल्याने हॉर्न द्यायला हात नेला, तो गच्चीवरून उतरलेल्या मावशींनी वरच्या वर पकडला. आत टेपसाहेबांनी पुन्हा नियमपुस्तक काढलं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहिलं, परिशिष्टही पाहिलं. एकाच सोफ्याला धरून दोघी झोपल्या असतील, तर आधी कोणाला उठवायचं, हे त्यात कुठेच दिलेलं नव्हतं.